सकाळची बैठक

पुण्याहून नाशिककडे जाणाऱ्या रस्त्यानें भोसरी आणि मोशी मागें टाकून जो चाकणच्या बाजूस जाईल, त्यास दोन्ही अंगांस कारखान्यांच्या लांबच लांब भिंती दिसतील. सकाळीं नवाच्या सुमारास ह्या भिंतींआड काय चाललें असेल, असें जर त्यानें आम्हांस विचारलें, तर आम्ही डोळे मिटून सांगूं कीं, बैठक चालली असेल. यंत्रें चालूच असतात. परंतु त्या यंत्रांवर देखरेख करणारे, त्या देखरेख करणाऱ्यांवर देखरेख करणारे आणि ह्या सर्वांच्या वरचे मुख्य साहेब, अशी दहाबारा मंडळी त्या घटकेस एका लांबट मेजाभोंवतीं जमलेली असते. काल किती माल निघाला, किती नापास होऊन परत आला, कोणतें यंत्र बंद पडलें आणि आज काय करावयाचें, ह्याचा हिशेब तेथें होतो. ह्या प्रकारास कोणी मीटिंग म्हणतात, कोणी रिव्ह्यू म्हणतात. आम्ही आपले बैठकच म्हणतों.

आमच्या आयुष्याचीं पुष्कळ वर्षें ह्या पट्ट्यांतील निरनिराळ्या कारखान्यांत अशा बैठकींचीं इतिवृत्तें लिहिण्यांत गेलीं. इतिवृत्त लिहिणाऱ्याचें आसन मेजाच्या कोंपऱ्यास असतें. त्यानें मत द्यावयाचें नसतें, आणि म्हणूनच इतरांच्या मुद्रा न्याहाळण्यास त्यास जेवढी सवड मिळते, तेवढी खुद्द मुख्य साहेबांसहि मिळत नाहीं. ह्या सवडींत जी एक गोष्ट आमच्या मनावर ठसली ती अशी कीं, एकच गोष्ट एकाच वेळीं एकाच तोंडून दहा जणांस सांगितली, तरी ती दहा जणांस सारखी कळत नाहीं. शाळेंतील मुलांविषयीं असें कोणी म्हटलें, तर आपण लगेच मान डोलावतों. परंतु मोठ्या पगाराचीं आणि मोठ्या पदांचीं माणसें मेजाभोंवतीं बसलीं, म्हणजे तीं सर्व एकाच सांच्यांतून निघालीं आहेत असें गृहीत धरण्यांत येतें. ह्या गृहीताची किंमत कोणास तरी मोजावी लागते. ती कोण मोजतो हें आम्हीं पाहिलें आहे. म्हणूनच हा विषय आज वाचकांपुढें मांडीत आहों.

प्रथम ह्या मेजाभोंवतीं कोण बसतें तें पाहूं. पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सचा सरकारी कारखाना १९५४ सालीं स्थापन झाला. १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ निघालें आणि पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी येथील शेतजमिनींवर कारखान्यांचीं छपरें चढूं लागलीं. १९७० सालीं ह्या गांवांची नगरपालिका झाली व १९८२ सालीं महानगरपालिका. पुढें कारखाने इंद्रायणी ओलांडून उत्तरेस गेले. ज्या चाकणचें नांव १६६० सालच्या शाएस्तेखानाच्या वेढ्यामुळें आणि फिरंगोजी नरसाळ्याच्या झुंजीमुळें इतिहासांत गाजलें, आणि कांद्याच्या बाजारामुळें व्यवहारांत, त्या चाकणच्या परिसरांत फोक्सवॅगन व मर्सिडीज-बेंझ ह्या जर्मन कंपन्यांचे कारखाने २००९ सालीं उघडले. त्यांच्यामागून त्यांस सुटे भाग पुरविणारे लहानमोठे कारखाने आले.

त्यामुळें आज येथील एखाद्या मेजाभोंवतीं कोणकोण सांपडेल? ज्याच्या आजोबांची जमीन औद्योगिक वसाहतींत गेली, जो आय. टी. आय. होऊन चिकटला आणि वीस वर्षांनीं एका विभागाचा प्रमुख झाला, असा एखादा गांवकरी. मद्रासेकडून किंवा कानपुराकडून आलेला, सर्व गणितें मनांत करणारा इंजिनियर. हिशेबखात्याच्या प्रमुख असलेल्या एखाद्या बाई. आराखडे काढणारा तरुण, जो बोलतां बोलतां समोरच्या कागदावर पेन्सिलीनें आकृति काढीतच असतो. आणि कित्येक ठिकाणीं जर्मनीहून किंवा जपानहून आलेला एखादा पाहुणा अधिकारी. ह्या सर्वांची मिळून जी भाषा ती इंग्रजी. पण इंग्रजी ही त्यांपैकीं बहुतेकांची घरची भाषा नव्हे, अगदीं त्या जर्मन पाहुण्याचीहि नव्हे. खोलींत अंधार करावयाचा, भिंतीवर एकामागून एक स्लाइड पडावयाच्या, आणि दाखविणाऱ्यानें त्या वाचून दाखवावयाच्या. ही रीत इतकी रूढ झाली आहे कीं, दुसरी कांहीं रीत असूं शकेल हें कोणाच्या ध्यानींमनींहि नसतें.

ह्या रीतीचा परिणाम काय होतो त्याचें एक उदाहरण सांगतों. कारखाना चाकणकडील होता. त्याचें नांव येथें सांगण्याचें कारण नाहीं. कच्चा माल व सुटे भाग ठेवण्यासाठीं एक नवी शेड बांधावयाची होती. कुंपणाच्या मागच्या बाजूची एक मोकळी जागा त्यासाठीं निवडली होती. बैठकींत भिंतीवर नकाशा दाखविला, खर्चाचे आंकडे दाखविले, आणि दहा मिनिटांनीं मुख्य साहेबांनीं विचारलें, “कोणास कांहीं शंका?” कोणी बोललें नाहीं. ठराव सर्वानुमतें मंजूर झाला व तसें इतिवृत्तांत नोंदलें गेलें. शेड उभी राहिली. जुलै महिन्यांत तिच्यांत गुडघाभर पाणी शिरलें. पुठ्ठ्याच्या खोक्यांतील भाग गंजले, पुढचें काम अडलें, आणि कंत्राटी कामगारांस आठ दिवस दरवाज्यावरूनच परत पाठविण्यांत आलें. कायम नोकरांचा पगार चालूच होता; रोजावर येणाऱ्यांचा मात्र आठ दिवसांचा रोज बुडाला, आणि तो त्यांस पुढें कधीं मिळाला नाहीं.

माल रवाना करण्याच्या विभागाचे प्रमुख त्या बैठकींत आमच्या शेजारीं बसले होते. ते शेजारच्याच गांवचे. पाणी ओसरल्यावर ते आम्हांस त्या जागीं घेऊन गेले आणि म्हणाले, “हा ओढा आहे. आम्ही पोरें असतांना पावसाळ्यांत इथं खेंकडे धरायचों. कंपनीनं भराव टाकला म्हणून वरून दिसत नाहीं, पण पाण्याला तो दिसतो.” आम्हीं विचारलें, “मग त्या दिवशीं तुम्ही कां बोललां नाहीं?” त्यावर ते जें म्हणाले तें आमच्या कायमचें लक्षांत राहिलें. “अहो, ती जागा हीच हें मला त्या भिंतीवरच्या रेघांवरून उमजलंच नाहीं. ‘प्लॉटची ईशान्य बाजू’ असं इंग्रजींत लिहिलं होतं. मला ईशान्य ठाऊक नाहीं. मला चिंचेच्या झाडामागची बाजू ठाऊक आहे.”

आतां ह्या गृहस्थांस कोणी मंदबुद्धि म्हणेल काय? दररोज किती मालमोटारी कोणत्या क्रमानें भरावयाच्या व सोडावयाच्या हें ज्यांच्या डोक्यांत कागदावांचून असे, त्यांस मंदबुद्धि म्हणणारा स्वत:च शहाणा नव्हे. त्या जमिनीविषयींचें ज्ञान त्या खोलींत फक्त त्यांच्यापाशींच होतें. परंतु तें ज्ञान त्यांस पायांनीं मिळालेलें होतें. आणि बैठकीनें जी वाट उघडी ठेविली होती ती नकाशाची व इंग्रजीची. त्या वाटेनें त्यांचें ज्ञान बाहेर येईना. बैठक म्हणजे मुख्यानें इतरांच्या डोक्यांत कांहीं घालण्याची जागा, असें सर्व समजतात. वस्तुत: इतरांच्या डोक्यांत जें आहे तें बाहेर काढण्यासाठींच ती भरवावयाची असते, नाहीं तर एक परिपत्रक काढलें तरी पुरे झालें असतें.

आमच्या वाचकांपैकीं ज्यांनीं घर बांधलें असेल त्यांस ही अडचण निराळ्या रूपानें भेटली असेल. वास्तुविशारदानें काढलेला नकाशा घरांतील कर्ता पुरुष मोठ्या उत्साहानें आईपुढें पसरतो. आई चष्मा लावून पाहते, ‘छान आहे’ म्हणते, आणि उठून जाते. पण प्लॉटवर फक्कीनें आंखणी झाली, त्या पांढऱ्या रेषांच्या आंत ती उभी राहिली, म्हणजे एकाएकीं तिला वाचा फुटते. “हें स्वैंपाकघर? आणि दार इकडे? मग भांडीं घासायचीं कुठें, आणि सकाळचं ऊन येणार कुठून?” अर्ध्या घटकेंत ती तीन चुका काढते, आणि त्या तिन्ही खऱ्या असतात. नकाशापुढें मुकी असलेली बाई फक्कीच्या रेषेंत बोलकी होते. तिची बुद्धि दोन्ही वेळीं तीच असते. त्या कारखान्यानें चार मुठी फक्की खर्च केली असती, तर आठ दिवसांचा रोज वांचला असता.

अशा प्रकारच्या अनुभवावरून लोकांनीं एक शास्त्र बनविलें आहे, आणि आमच्या पट्ट्यांत त्याचे वर्गहि भरतात. शिकण्याच्या शैली निरनिराळ्या असतात, असें हें शास्त्र म्हणतें. न्यूझीलंडमधील नील फ्लेमिंग ह्यांनीं १९८७ सालीं एक प्रश्नावली तयार केली. तिच्या आधारें पाहून शिकणारे, ऐकून शिकणारे, वाचून-लिहून शिकणारे व करून शिकणारे असे चार वर्ग पाडतां येतात. एकदां आमच्याहि बैठकींतील सर्व मंडळींकडून अशी प्रश्नावली भरून घेण्यांत आली व प्रत्येकाच्या नांवापुढें त्याचा वर्ग लिहिण्यांत आला. चार दिवस मोठी करमणूक झाली. पांचव्या दिवसापासून तिचा भलताच उपयोग सुरू झाला. एकास अहवाल वाचावयास दिला तर तो म्हणे, “मी ऐकून शिकणारा आहे”; आणि दुसऱ्याविषयीं त्याचे वरिष्ठ म्हणूं लागले, “त्यास कागद कशास पाठवितां? तो हातानें शिकणारा आहे.” आमच्या समाजास माणसांच्या कपाळीं शिक्के मारण्याची हौस आधींच कमी नाहीं, तींत ही आणखी एका शिक्क्याची भर पडली.

ह्या शास्त्राचा पाया किती पक्का आहे हेंहि सांगितलें पाहिजे. हॅरॉल्ड पॅशलर, मार्क मॅकडॅनियल, डग रोहरर व रॉबर्ट ब्यॉर्क ह्या चार अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनीं २००८ सालीं तोंवर झालेल्या संशोधनाची झडती घेतली. त्यांचा प्रश्न सरळ होता. पाहून शिकणारा म्हणविणाऱ्यास दाखवून शिकविलें, आणि ऐकून शिकणारा म्हणविणाऱ्यास ऐकवून शिकविलें, तर दोघांस खरोखरच अधिक येतें काय? असें सिद्ध करण्यास जशा कसोटीचे प्रयोग पाहिजेत तसे प्रयोग त्यांस जवळजवळ आढळलेच नाहींत. आणि जे थोडे नीट केलेले आढळले त्यांतील कित्येकांचा निकाल उलट होता. माणसास आपली एक आवड असते हें खरें. परंतु आवडीप्रमाणें वाढलें म्हणून पचन अधिक होतें असें मात्र दिसत नाहीं.

मग आम्हीं जें डोळ्यांनीं पाहिलें तें खोटें काय? तसें नव्हे. माणसांमाणसांत फरक आहे. पण तो कोणी पोटांतून घेऊन येत नाहीं. तो भाषेचा आहे, पूर्वीच्या संवयीचा आहे, वयाचा आहे, धीराचा आहे. प्रेस शॉपच्या दणदणाटांत पंचवीस वर्षें काढलेल्या माणसास मेजाच्या दुसऱ्या टोंकाकडचें हळू बोलणें ऐकूं येत नाहीं, आणि तें कबूल करण्याची त्यास लाज वाटते. रात्रपाळी करून तसाच बैठकीस बसलेला अंधारांत स्लाइड पाहूं लागला, म्हणजे त्यास झोंप येते. तो आळशी नसतो. कांहींची बुद्धि आजचा प्रश्न उद्यां सोडविते. आणि कांहींस सर्व कळलेलें असतें, परंतु साहेबांच्या देखत इंग्रजी वाक्य मोडलें तर काय, ह्या भीतीनें ते गप्प बसतात. शिवाय माणसाप्रमाणें विषयालाहि आपली एक वाट असते. भेग गेलेला भाग हातांत घेऊन पाहावा, खर्चाचा ताळेबंद वाचावा, जागेची निवड चालत जाऊन करावी, आणि दोन विभागांतील भांडण मात्र ऐकून घ्यावें. ह्यांत माणसाचा वर्ग पाहण्याचें प्रयोजनच नाहीं. विषय काय आहे तें पाहिलें म्हणजे झालें.

मात्र मुख्याच्या खुर्चीवर बसणाऱ्यानें स्वत:ची संवय ओळखलेली बरी. कारण त्याची संवय ती सर्वांची सक्ती होऊन बसते. व्यवस्थापनशास्त्राचे प्रसिद्ध लेखक पीटर ड्रकर ह्यांनीं १९९९ सालच्या एका लेखांत वाचणारे व ऐकणारे असा भेद सांगून आयझेनहॉवर ह्यांचें उदाहरण दिलें आहे. युरोपांत सेनापति असतांना त्यांस वार्ताहरांचे प्रश्न आगाऊ लेखी मिळत, आणि त्यांच्या उत्तरांची वाहवा होई. अध्यक्ष झाल्यावर त्यांनीं आपल्या आधींच्या रूझवेल्ट व ट्रूमन ह्यांचा उभ्याउभ्या प्रश्न घेण्याचा परिपाठ उचलला. ते दोघे ऐकणारे होते, हे वाचणारे होते. आणि तेच वार्ताहर ह्यांच्या उत्तरांची थट्टा करूं लागले. आमच्याकडे असें नेहमीं घडतें. जुने मुख्य तोंडी अहवाल घेत, म्हणून नवे मुख्यहि घेतात. आणि सहा महिन्यांनीं कोणाचें कोणास कांहीं कळत नाहीं म्हणून दोघेहि एकमेकांस दोष देतात.

आमच्या महाराष्ट्रांतील उद्योगाच्या इतिहासांत ह्या बाबतींत घेण्यासारखा धडा आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर तरुणपणीं मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत चित्रकला शिकावयास गेले. पण रंगांतील भेद त्यांच्या डोळ्यांस नीट ओळखतां येईनात, म्हणून ती वाट त्यांस सोडावी लागली. पुढें त्यांनीं व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें यंत्रांच्या आकृति काढावयास शिकविलें. एक वाट बंद झाली म्हणून हा मनुष्य थांबला नाहीं. रंग सुटले तरी रेषा त्याच्या हातीं राहिली. त्यांनीं १९०३ सालीं लोखंडी नांगर तयार केला, तेव्हां लोखंडानें जमीन नासते अशा समजुतीनें शेतकरी त्यास हात लावीनात, आणि पहिले नांगर खपावयास दोन वर्षें लागलीं. असला समज व्याख्यानानें जात नाहीं. उलटलेली माती हातांत घेऊनच तो जावयाचा. पुढें १९२० सालीं त्याच कारखान्यांतून एक छोटें माहितीपत्र निघालें. लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव ह्यांनीं त्याचें जें मासिक केलें, तें महाराष्ट्राच्या घराघरांत गेलें. रेषा, वस्तु आणि अक्षर ह्या तिन्ही वाटा एकाच कारखान्यानें कशा चोखाळल्या, हें ह्यावरून दिसून येईल.

आणि ह्याहून जुना दाखला पाहिजे असेल तर तो ह्या पट्ट्याच्या कुशींतच आहे. एका बाजूस देहू, दुसऱ्या बाजूस आळंदी. ज्ञानेश्वरांनीं १२९० सालीं गीतेचा अर्थ मराठींत सांगितला तो, ज्यांस संस्कृताची वाट बंद होती त्यांच्यासाठीं. आणि एका दृष्टान्तानें उमजलें नाहीं तर दुसरा, दुसऱ्यानें नाहीं तर तिसरा, असे दृष्टान्त देण्यांत त्यांनीं कधीं कंटाळा केला नाहीं. नारदीय कीर्तनाचीच रचना पाहा ना. पूर्वरंगांत तत्त्व सांगावयाचें आणि उत्तररंगांत तेंच तत्त्व एखाद्या आख्यानांतून दाखवावयाचें. मध्यें नामाचा गजर, त्यांत सर्वांनीं टाळ्या वाजवावयाच्या. समोर शास्त्री बसलेला असतो, शेतकरी बसलेला असतो, आजीच्या मांडीवर पोर बसलेलें असतें. बुवा प्रश्नावली भरून घेऊन श्रोत्यांचे वर्ग पाडीत नाहींत. ते एकच गोष्ट चार वाटांनीं सांगतात, आणि ज्याला जी वाट सांपडेल तिनें तो घरीं पोंचतो. शास्त्र्यालाहि आख्यान आवडतें, आणि शेतकऱ्यालाहि तत्त्व कळतें.

हें बैठकींत कसें आणावयाचें, असा प्रश्न येईल. त्यास फार मोठें साहित्य लागत नाहीं. अमेरिकेंतील ॲमेझॉन कंपनीचे जेफ बेझोस ह्यांनीं २००४ सालीं वरिष्ठांच्या बैठकींतून स्लाइड काढून टाकल्या. त्यांच्याऐवजीं पूर्ण वाक्यांत लिहिलेलें टिपण प्रत्येकाच्या पुढें ठेवावयाचें आणि बैठकीच्या आरंभीं सर्वांनीं तें मुकाट्यानें वाचावयाचें, असा नियम घातला. जपानच्या टोयोटा कंपनींत संबंध प्रश्न, त्याचीं कारणें व उपाय एकाच ए-३ आकाराच्या कागदावर, म्हणजे आपल्या नेहमीच्या टंकलेखी कागदाच्या दुप्पट कागदावर, शब्द व आकृति मिळून मांडण्याची चाल आहे. आणि प्रत्यक्ष जागेवर जाऊन पाहिल्याशिवाय बोलावयाचें नाहीं हीहि त्यांचीच चाल. अशा प्रत्यक्ष जागेस जपानी भाषेंत जो ‘गेंबा’ शब्द आहे तो आतां आमच्या भोसरी-चाकणच्या कामगाराच्याहि तोंडीं बसला आहे. मात्र कित्येक ठिकाणीं हा गेंबा देवदर्शनासारखा झाला आहे. साहेब येतात, प्रदक्षिणा घालतात, आणि कोणास कांहीं न विचारतां परत जातात. पाय जागेवर जाऊन उपयोग नाहीं. तेथें कोणास तरी बोलूं दिलें पाहिजे.

दुसऱ्या एका कारखान्यांत आम्हीं ह्या गोष्टी साधेपणानें केलेल्या पाहिल्या. तेथें नव्यानें आलेल्या मुख्यांनीं तीनच बदल केले. महत्त्वाच्या विषयाचें एक पानी टिपण आदल्या दिवशीं, मराठी व इंग्रजी अशा दोन्ही भाषांत, सर्वांकडे जावयाचें. ज्या वस्तूविषयीं बोलावयाचें ती वस्तु मेजावर ठेवावयाची. ती मोठी असेल तर सर्वांनीं तिच्यापाशीं उभें राहून बोलावयाचें. आणि ठराव लिहिण्यापूर्वीं दोघां-तिघां विभागप्रमुखांनीं तो आपल्या शब्दांत, ज्या भाषेंत जमेल त्या भाषेंत, परत सांगावयाचा. आदल्या दिवशीं मिळालेल्या अशा एका टिपणावरून हिशेबखात्याच्या बाईंनीं एकदां दाखवून दिलें कीं, दोन पुरवठादारांच्या भावांची जी तुलना केली होती तींत एकाच्या भावांत वाहतुकीचा खर्च धरला होता आणि दुसऱ्याच्या धरलाच नव्हता. ह्याच बाईंविषयीं आधींच्या कारकीर्दींत ‘फार किरकिऱ्या’ असें म्हटलें जाई; कारण तोंडी सांगितलेले आंकडे ऐकून त्या लगेच मान हालवीत नसत, आणि ‘कागद द्या’ असें म्हणत. किरकिर तीच होती. फक्त आतां तिला वेळेवर कागद मिळाला होता.

तिसऱ्या बदलाची पहिल्या दिवशीं थट्टा झाली. ‘शाळेंत आल्यासारखें वाटतें,’ असें एक जण म्हणाले. पहिल्याच आठवड्यांत असें निघालें कीं, ‘शुक्रवारपर्यंत माल द्यावयाचा’ ह्याचा अर्थ एका प्रमुखांनीं शुक्रवारीं माल आपल्या दारांतून निघावा असा घेतला होता, आणि दुसऱ्यांनीं शुक्रवारीं तो गिऱ्हाइकाच्या दारांत पोंचावा असा. दोघेहि मान डोलावून उठणार होते. त्यानंतर थट्टा थांबली.

ह्यावर नेहमीं येणारा आक्षेप वेळेचा. उत्पादनाचा एक मिनिट वांया गेला तर किती नुकसान होतें हें ज्यास ठाऊक आहे, त्यास दहा मिनिटें मुकाट्यानें वाचणें म्हणजे चैन वाटते. पण हिशेबच करावयाचा तर पुरा करावा. बारा माणसांचीं दहा मिनिटें म्हणजे दोन तास. उलट न कळलेला ठराव दुपारीं दूरध्वनीवरून पुन्हां समजावणें, चुकीचें झालेलें काम उलगडणें, आणि कोणीं काय म्हटलें होतें ह्यावर दुसऱ्या दिवशीं वाद घालणें, ह्यांत दोन तासांत काय होतें?

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. विभागाच्या प्रमुखानें स्वत:च्या संवयींस चिकटून कां बसावें? ज्यास नकाशा कळत नाहीं त्यानें नकाशा शिकावा, ज्यास वाचण्याचा कंटाळा त्यानें वाचावें. हें आम्हांस पूर्णपणें मान्य आहे. पदाबरोबर हें कर्तव्यहि येतें, आणि शैलीच्या शिक्क्याआड लपून तें टाळण्यास आमचा विरोध आहे तो ह्याचसाठीं. परंतु शिकण्यास काळ लागतो, आणि ठराव मात्र आज व्हावयाचा असतो. शेजारच्या गांवचे ते गृहस्थ पुढें नकाशा वाचावयास शिकले. एका तरुण सहकाऱ्यानें त्यांस चिंचेच्या झाडापासून सुरुवात करून कागदावरच्या दिशा दाखविल्या, आणि त्यांस चार दिवस पुरले. तोंपर्यंत त्यांचें ज्ञान फुकट दवडावें असा कोणताहि शास्त्राधार नाहीं. आणि ओढा कोठें आहे हें त्या तरुण सहकाऱ्यासहि त्याच चार दिवसांत कळलें, हें विसरतां येत नाहीं.

बैठकींत सर्वांस नीट कळावें ह्यांत बसलेल्यांचा मान राखला जातो हें खरें. पण आमच्या मतें ती गौण गोष्ट झाली. मोठ्या पदावरच्या माणसास एखादी गोष्ट कळली नाहीं तर त्याचें फारसें बिघडत नाहीं. त्याचा पगार महिनाअखेर जमा होतो. जे त्या मेजाभोंवतीं कधीं बसलेले नसतात, ज्यांस शेड कोठें बांधावी हें कोणीं विचारलेलें नसतें, आणि जे सकाळीं डबा घेऊन दरवाज्यापाशीं उभे असतात, त्यांचें बिघडतें. ज्या मुख्यास हें उमगलें तो ‘कोणास कांहीं शंका?’ एवढेंच विचारून उठणार नाहीं. तो कागद देईल, वस्तु पुढें ठेवील, फक्की मागवील, आणि जो गप्प बसला आहे त्यास बरोबर घेऊन चिंचेच्या झाडामागें एक फेरी मारून येईल.